आठवड्याच्या तीन रात्री

राजरत्न खोब्रागडे ऑफिसातून परतला तेव्हा बोटीच्या पुढच्या दोराला एक पिवळा कागद बांधलेला होता. पावसात भिजू नये म्हणून कुणीतरी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला होता, पाकिटाला भोक पाडून त्यातून सुतळी ओवली होती आणि सुतळीला दोन गाठी मारल्या होत्या. ही काळजीच त्याला आधी खटकली. रागाच्या भरात लावलेला कागद कुणी इतका जपत नाही. पुढे कधीतरी ज्याचा दाखला द्यायचा असतो तोच कागद असा जपून बांधतात. निळ्या शाईत इंग्रजीत तीन ओळी होत्या, पहिलीत त्याच्या बोटीच्या जागेचा नंबर. सी-सत्तावीस. तुमच्या नावाचं पार्सल ऑफिसात आलं आहे. कृपया आजच, साडेपाचच्या आत मला भेटा. खाली, भाड्यानं बोटी लावायच्या या मरीनाच्या ऑफिसातल्या कोलीनची सही, आणि ‘आजच’खाली एक सरळ रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार होता. पावणेपाच वाजले होते, आणि पलीकडच्या काठावरच्या काचेच्या कॉन्डोंमध्ये मजल्यामजल्यावर दिवे लागत होते.

तसंच वर ऑफिसात जायला हवं होतं. तो बोटीत उतरला. त्याच्या वजनानं बोट जराशी खाली गेली आणि परत वर आली, रोज येते तशी, घरातल्या माणसानं आडवं असतानाच जरा सरकून जागा करून द्यावी तशी. आत ओलसर फोमचा आणि डिझेलचा वास होता. त्यानं हीटर लावला नाही, दिवाही लावला नाही. पायऱ्यांशीच ओला कोट घालून तो बसून राहिला आणि तळाच्या पंपाचा कानोसा घेऊ लागला. बोटीच्या पोटात झिरपणारं पाणी तो पंप आपोआप बाहेर टाकायचा. दर चाळीस मिनिटांनी एकदा गुरगुरायचा आणि गप्प व्हायचा. चाळीसच्या जागी पस्तीस झाली की राजरत्न झोपेतूनही उठून बसायचा. पुलांचे कंप मोजणं हा त्याचा धंदा. कुठला पूल किती हलला तर चालतं आणि त्यापुढं किती हलला तर चालत नाही, हे तो बावीस वर्षं कागदावर मांडत आला होता. पण आत्ता पंप शेवटचा कधी वाजला हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या नावाचं पार्सल इथं कोण पाठवणार, एवढंच डोक्यात होतं. हा पत्ता कुणाकडेच नाही. बँकेकडे नाही, कंपनीकडे नाही, मुलीकडेही नाही. मरीनाच्या नियमात ते पांढऱ्यावर काळं होतं: बोटमालकाला आठवड्याच्या तीन रात्री बोटीवर झोपता येईल, इथं राहता येणार नाही, इथं टपाल मागवता येणार नाही. झोपणं आणि राहणं यातला फरक त्याला सही करताना अगदी स्वच्छ वाटला होता.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं फर्मान काढलं होतं की सगळ्यांनी आठवड्यातून चार दिवस व्हँकुव्हरच्या ऑफिसात हजर राहायचं. घर कॅम्लूप्सला, डोंगरापलीकडे चार तासांवर. शहरात एक खोली भाड्यानं घ्यायची म्हटली तर घराच्या हप्त्याला आणखी एक हप्ता जोडल्यासारखं होतं. त्याच सुमारास शरदचंद्र काळे नावाचे त्याचे वरिष्ठ निवृत्त होऊन पुण्याला परत निघाले होते. आपली तीस फुटी शिडाची बोट, तिच्या भाड्याच्या जागेसकट, त्यांनी याच्या गळ्यात मारली. “सोमवार ते गुरुवार मस्त राहशील लेका,” ते म्हणाले होते. “फक्त एक लक्षात ठेव, पाण्यावर झोपायची सवय लागली की जमिनीवर झोप येत नाही.” राजरत्न तेव्हा हसला होता. पुढं पुढं शुक्रवारी सकाळी कॅम्लूप्सच्या स्वयंपाकघरात चहा गाळताना फरशी डावीकडे कलल्यासारखी वाटायची आणि तो ओट्याची कड धरून उभा राहायचा. त्याची बायको पद्मा एकदा म्हणाली, “चक्कर येते का? बीपी पाहून घ्या.” त्यानं पाहून घेतलं. बीपी ठीक होतं.

नियम तीन रात्रींचा. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की तो थेट हायवेला लागायचा. मग केव्हातरी सोमवारी पहाटे निघण्याऐवजी रविवारी संध्याकाळीच निघू लागला, ट्रॅफिक टाळायचा म्हणून. ते कारण खरंच होतं, पद्मानंही ते मान्य केलं होतं. मग एखाद्या गुरुवारी मीटिंग लांबायची. नंतर मीटिंग न लांबताही गुरुवार लांबायचा. तो काही करत नसे. हेच कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. पीत नसे, कुणाला भेटत नसे, फोनवर काही पाहतही नसे. ब्रेड आणि अंडं खायचा, भांडं धुवायचा आणि त्या अरुंद बाकावर पाय पसरून बसायचा. अडीच हात रुंद बाक. समोर लाकडी भिंत, तिच्यात एक गोल काच, काचेत पाण्याची अर्धी रेघ. नागपूरला दोन खोल्यांत ते सात जण राहायचे. तो आतेभावाच्या पायथ्याशी झोपायचा, आणि आतेभावानं कूस बदलली की त्याचीही कूस बदलायची. अभ्यास बुद्धविहाराच्या ओसरीवर, तिथंही चौदा मुलं. मग इंजिनिअरिंगचं हॉस्टेल, एका खोलीत तिघे. मग कॅनडा, एटोबिकोचं बेसमेंट, चौघांत एक वॉशरूम आणि पहाटे साडेचारपासून त्या वॉशरूमची पाळी. मग पद्मा, मग मुलगी ऊर्मी, मग सहा वर्षं पद्माची आई. यातल्या कुणाबद्दलही त्याची तक्रार नव्हती. एवढंच, की वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका सोमवारी बोटीचं झाकण ओढून घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा आपण अशा जागी बसलोय जिथं दुसऱ्या कुणाचा श्वास नाही. त्या दिवशी त्याला भीती वाटली होती. दुसऱ्या सोमवारी वाटली नाही, आणि न वाटण्याचीच तो पुढं भीती बाळगू लागला.

खिशात फोन होता. दुपारी ऊर्मीचा मेसेज आला होता. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रॉसार्डला नोकरी करते, आणि मराठी कळत असूनही इंग्रजीतच लिहिते. ‘बाबा, यू ओके? कॉल मी व्हेन यू कॅन. नॉट अर्जंट.’ त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं होतं आणि परत आकडेमोडीत डोकं घातलं होतं. आता तो मेसेज त्यानं पुन्हा वाचला. अर्जंट नाही असं कुणी आवर्जून का सांगतं? पिवळा कागद आणि हा मेसेज यांचा काही संबंध असण्याचं कारण नव्हतं. पण संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच दिशेनं सरकू लागल्या तर नोंद करून ठेवायची, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. तो उठला.

ओहोटी होती. धक्क्यावरून वर जाणारा लोखंडी पूल ओहोटीला इतका उभा व्हायचा की चढताना कठडा धरून अंग ओढावं लागायचं. कोलीन ऑफिसात एकटीच होती. साठीची, पांढऱ्या केसांची, गेली वीस वर्षं मरीना चालवणारी बाई. तिचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे तिचं बोलणं नीट ऐकावं लागे. तिनं एक खोका टेबलावर सरकवला. वर मराठी वळणाच्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मिस्टर आर. खोब्रागडे, युनिट सी-सत्तावीस.

“युनिट,” कोलीन म्हणाली. “फ्लॅट असल्यासारखं. मला हा शब्द फार आवडला.”

“काहीतरी चूक झालीय. मी हा पत्ता कुणाला दिलेला नाही.”

“आधी उघडून तर बघ.”

खोक्यात नव्या वर्षाचं कॅलेंडर होतं, मंडळाचं, वरच्या बाजूला बुद्ध आणि बाबासाहेब. चिवड्याचा पुडा होता. आणि अरुणाताईंच्या हातची चिठ्ठी. अरुणाताई म्हणजे व्हँकुव्हरकडच्या आंबेडकरी मंडळाच्या सचिव. चाळीस घरांचा जन्म, लग्न, नोकरी, आजारपण सगळं त्यांच्या वहीत असतं. ‘राजरत्नभाऊ, सविनय जय भीम. कॅलेंडर आणि चिवडा पाठवतेय. पद्माताईंना त्यांच्या पत्त्यावर वेगळं पाठवलं आहे. कुणी काही विचारणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. मंडळ दोघांचंही आहे.’

त्यानं ती दोनदा वाचली. ‘वेगळं’ या शब्दाशी तो अडला, आणि मग ‘सगळ्यांना’शी. कॅलेंडर दर घराला एक. दरवर्षी एकच यायचं, श्री. व सौ. अशा नावानं, कॅम्लूप्सला. आणि आता त्याला आठवलं. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम व्हँकुव्हरजवळच्या सरी गावातल्या एका हॉलमध्ये होता. जेवणाच्या वेळी पत्त्यांची नवी यादी करायची म्हणून एक क्लिपबोर्ड हातोहात फिरत होता. खिरीची वाटी डाव्या हातात, पेन उजव्या. नाव, पत्ता, फोन. शेजारी भगवान बागडे बोलत होता, विंटर टायर कुठं स्वस्त मिळतात ते सांगत होता, आणि राजरत्न हो हो म्हणत लिहीत होता. हात लिहीत होता. आठवड्यातून चार वेळा गेटच्या वहीत जे लिहायचा तेच हातानं लिहिलं असणार. सी-सत्तावीस, रस्त्याचं नाव, व्हँकुव्हर. आणि क्लिपबोर्ड त्यानं पुढं दिला होता पद्माकडे. पद्मा वाढून आली होती, पदराला हात पुसत होती. तिनं पेन घेतलं, क्षणभर कागदाकडे पाहिलं, आणि विचारलं होतं, “हे चालतं ना?” त्याला वाटलं पेनबद्दल विचारते. तो हो म्हणाला होता. मग तिनं त्याच्या ओळीच्या खाली आपली ओळ लिहिली, ठळक, सावकाश, कॅम्लूप्सच्या पत्त्यासकट.

म्हणजे तिला ऑक्टोबरपासून ठाऊक आहे. यादी ईमेलनं सगळ्यांना गेली. ऊर्मीलाही गेली असणार. चाळीस घरांनी सहा आठवडे आपापल्या स्वयंपाकघरांत हळू आवाजात ही गोष्ट बोलून संपवली असेल. कुणी हळहळलं असेल, कुणी म्हणालं असेल, मला आधीच वाटत होतं. आणि काय वाटत होतं हे फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

“बस,” कोलीन म्हणाली. ती आता एक छापील कागद पाहत होती. “पार्सल आलं म्हणून मी तुझ्या गेटच्या इलेक्ट्रॉनिक किल्लीची नोंद काढली. तसं मी करत नाही. मला पोलिसगिरी आवडत नाही. सप्टेंबरात अकरा रात्री. ऑक्टोबरात सोळा. या महिन्यात एकोणीस, आणि महिना संपायचाय अजून.”

“एकोणीस?” त्याच्या हिशेबात तेरा होत्या, फार तर चौदा.

“नोंद मी करत नाही. गेट करतं.” तिनं दोन फॉर्म शेजारीशेजारी ठेवले. “हे बघ. इथं कायम राहायची परवानगी असलेल्या मोजक्या जागा आहेत. त्यातली एक रिकामी होतेय. दोन वर्षांपूर्वी तू अर्ज भरताना त्या जागांच्या प्रतीक्षायादीसाठीही टिक केलं होतंस.”

“सगळेच करतात.”

“सगळेच करतात. पण आता नंबर तुझा आहे. घेणार असशील तर हा फॉर्म. ‘ही बोट माझं मुख्य निवासस्थान आहे’, खाली सही. मग बारा महिने राहा, टपाल मागव, युनिट म्हण, काहीही म्हण. नसेल घ्यायची तर हा दुसरा. तीन रात्री, त्यावर एकही नाही, आणि घर दुसरीकडे आहे म्हणून घरचा पत्ता. पुढं चौथी रात्र दिसली तर जागा जाईल. पुढच्या माणसाला मला आज कळवायचंय, म्हणून आज.”

“आणि विचार करायला…”

“राजरत्न, यू आर ऑलरेडी डूइंग इट,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. “मी फक्त विचारतेय, तू त्याला काय म्हणणार आहेस.”

पहिला फॉर्म जवळ होता. मुख्य निवासस्थान. पेन हातात होतं आणि हात, त्याला स्पष्ट जाणवलं, त्या कागदाकडे सहज जाऊ शकला असता. रात्री मोजाव्या लागणार नाहीत, गुरुवारी कारण शोधावं लागणार नाही. काही तुटल्याचा आवाजही होणार नाही, कारण लोकांच्या लेखी ते आधीच तुटलेलं आहे आणि अरुणाताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. पुलाच्या पोलादाला थकवा येतो तो असाच, वरून रंग शाबूत असतो. तो घाबरला. त्यानं कोलीनला बोटानं ‘एक मिनिट’ अशी खूण केली आणि फोन लावला. पहिल्याच घंटेला पद्मानं उचलला.

“काय झालं?” रोजचा फोन आठचा. आत्ता पाच-वीस झाले होते.

“काही नाही. अरुणाताईंचं पार्सल आलंय.”

“इथंही आलं. सोमवारी.”

“बोलली नाहीस.”

“तुम्ही कुठं बोलले?” ती म्हणाली. “चिवड्यात शेंगदाणे जळले आहेत. बाकी बरा आहे.”

“पद्मा, त्या बाईंचा घोटाळा झालाय. यादीत माझ्या हातून चुकून…”

“हो. मी त्यांना फोन करणारच होते. तीन दिवसांपासून करते आहे म्हणा नं. नंबर काढते आणि ठेवून देते. म्हटलं, गैरसमज झालाय असं त्यांना सांगायचं तर आधी तुम्हाला विचारून घ्यावं.” ती थांबली. “गैरसमजच झालाय नं?”

त्यानं तोंड उघडलं. हो म्हणायला अर्धा सेकंद पुरतो. तो अर्धा सेकंद गेला, आणखी एक गेला. कोलीन खिडकीकडे पाठ करून फायली लावण्याचं सोंग करत होती.

“मागच्या पंधरवड्यात,” तो म्हणाला, “त्या गुरुवारी मी हायवे बंद आहे म्हणालो होतो.”

“बंद नव्हता.”

“तुला कसं…”

“कॅमेऱ्यात दिसतं बापा. दर गुरुवारी तुम्ही निघाले की मी लॅपटॉपवर रस्त्याचे कॅमेरे उघडते. आधी होप गावचा, मग घाटमाथ्याचा, मग मेरिटचा. तुमची गाडी काही दिसत नाही, कोणाचीच धड दिसत नाही. पण रस्ता दिसतो. त्या दिवशी कोरडा खडखडीत होता. ट्रक आरामात चालले होते.”

चार-चार तास, दोन वर्षं, दर गुरुवारी. त्याला कधी कळलंच नव्हतं. अंधारात डोंगर चढताना आपण एकटे आहोत असं तो समजत आला होता, आणि ते त्याला आवडतही होतं.

“मग विचारलं का नाहीस?”

“काय विचारू? कोण आहे ती म्हणून?”

“कुणी नाही, पद्मा.”

“तेच तं. कुणी असती तर भांडले असते. तुमच्या बहिणीला फोन केला असता, अरुणाताईंना मध्ये घातलं असतं. कुणीच नाही, तर भांडू कोणाशी?” मग तिनं विचारलं, “काय करता तिथं?”

“बसतो.”

“बसता.”

“हो.”

“इथं काय बसायला जागा कमी आहे? तीन बेडरूमचं घर आहे. पोरगीही गेली.”

तो काहीतरी बोलला असता. हॉस्टेल, बेसमेंट, आतेभावाची कूस, असं काहीतरी. पण ती त्या तीन बेडरूमच्या घरात दोन वर्षं आठवड्यातले चार दिवस, मग पाच दिवस एकटी होती, आणि हे तिनं मागितलेलं नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं ते आत्ता, वाक्य अर्धवट जिभेवर असताना. पलीकडे डिशवॉशर चालू होता. एका माणसाच्या भांड्यांसाठी ती तो कशाला लावते, असा प्रश्न त्याला पडला, आणि मग वाटलं की आवाजासाठी लावत असेल.

कोलीननं घड्याळाकडे पाहिलं. पाच-सत्तावीस. त्यानं दुसरा फॉर्म ओढला. नाव लिहिलं. ‘तीन रात्री’च्या चौकटीत टिक केलं. घरचा पत्ता: घराचा नंबर आला, रस्ता आला, कॅम्लूप्स, बी.सी. मग पोस्टल कोडच्या, एकाआड एक अक्षर आणि आकडा अशा, सहा चौकटी आल्या आणि पेन थांबलं. पहिलं अक्षर काय? घरावरचा रंग दिसत होता, कोपऱ्यावरची सामायिक टपालपेटी दिसत होती, तिचं गोठलेलं कुलूप दिसत होतं. अक्षरं दिसत नव्हती.

“पद्मा,” तो म्हणाला, “आपल्या घराचा पोस्टल कोड काय गं?”

“कशाला?”

“फॉर्मवर लिहायचाय. तीन रात्रींच्या. त्यांना घरचा पत्ता पाहिजे.”

“अकरा वर्षं झाली त्या घराला.”

“माहीत आहे.”

“व्ही,” ती म्हणाली. त्यानं लिहिलं. “टू. सी.” त्यानं लिहिलं आणि वाट पाहिली.

“पुढं?”

“पुढचे तीन तुम्ही आठवा.”

“अगं, ऑफिस बंद होतंय. ती बाई थांबलीय.”

“थांबू द्या. मी पण थांबले आहे. फोन ठेवत नाही.”

कोलीननं बाहेरचा दिवा मालवला, आतला तसाच ठेवला आणि कोट अंगात घालून खुर्चीत बसली. राजरत्ननं डोळे मिटले. पावसाचा आवाज होता, पलीकडून डिशवॉशरचा, आणि त्यामागे पद्माचा श्वास. एक आकडा आला. चार. किंवा चार असावा असं वाटलं. त्यानं तो चौथ्या चौकटीत लिहिला. फोनमधून हूं नाही की चूं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की त्यानं काय लिहिलं ते तिला दिसत नाही.

“मोठ्यानं म्हणा,” पद्मा म्हणाली.